कोर्टाची तिसरी पायरी

बावीस वर्षं शहर दाखवायची बस चालवली आणि शहर मात्र एकदाही पाहिलं नाही, असा माणूस शोधून सापडणार नाही असं तुम्हाला वाटेल. पण तो होता, आणि त्याला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. डेपोत सगळे त्याला नाकासमोर म्हणत. ‘नाकासमोर आला का?’, ‘नाकासमोरला चहा सांगा’, असं. गाडी चालवताना त्याची नजर आरशापुरती इकडेतिकडे जायची, वर तर कधीच नाही. त्याच्या बसला बावीस वर्षांत साधा ओरखडा पडला नव्हता, याचा त्याला फार अभिमान होता आणि तो अभिमान रास्तच होता.

बस दुमजली, वरचा मजला उघडा. प्रवासी वर, माईक घेतलेला गाईड वर, आणि हा खाली केबिनमध्ये एकटा. काचेतून त्याला दिसायचं ते रस्ता, फुटपाथची कड, दारं, जोती, पायऱ्या आणि रस्ता ओलांडणाऱ्या माणसांचे पाय. समुद्रापलीकडून आलेल्या राज्यकर्त्यांनी या शहरात दीडशे वर्षं राहून काय काय उभं केलं, ते दोन पुरुष उंचीपर्यंत त्याने पाहिलेलं होतं. त्याच्या वरचं सगळं कानांनी. केबिनमध्ये एक छोटा स्पीकर होता, त्यातून गाईडचं बोलणं खाली यायचं. गाईड म्हणजे मास्तर. मास्तरांनी वीस वर्षं एकही शब्द इकडचा तिकडे न करता तेच सांगितलं, त्यामुळे याला ते सगळं तोंडपाठ झालं. सुट्टीच्या दिवशी शहर बघायला कशाला जायचं? रोज ऐकतोच की. सुट्टीच्या दिवशी तो पंखा लावून झोपायचा.

मास्तर निवृत्त झाले आणि याच्या धाकट्या लेकीने गाईडच्या परवान्यासाठी अर्ज केला. लेखी परीक्षा ती पहिल्या झटक्यात पास झाली. मग तोंडी. तोंडी म्हणजे खऱ्या बसची एक पूर्ण फेरी, खऱ्या प्रवाशांसमोर, आणि पहिल्या रांगेत परवाना कचेरीतल्या परीक्षक बाई कागद घेऊन बसलेल्या. त्या वेळी पोरीची बोबडी वळली. माईक हातात घेऊन ती चार मिनिटं नुसती उभी राहिली, आणि बाईंनी कागदाची घडी घातली. संधी दोनच मिळतात. दुसरीही गेली, तर पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही. पोरगी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली, ती दोन दिवस उठली नाही.

तेव्हा बापाने मनावर घेतलं. सात महिने रोज जेवणं आटोपली की तो टेबल पुसायचा आणि त्यावर शहर मांडायचा. मिठाची बरणी म्हणजे घड्याळाचा मनोरा. डब्यांची जोडी म्हणजे कोर्ट आणि त्याला लागून असलेली जकात कचेरी. कपडे धुवायचा साबण म्हणजे बस. दोन बोटांनी साबण सरकवत तो सांगायचा, “इथे कोर्टाचं हिरवं दार आलं की चेहऱ्यांची गोष्ट सुरू. गोष्ट इथलीच. दारासमोर आहोत तोवर सांगून टाकायची आणि म्हणायचं, आता मान वर करा.”

“हिरव्या दारासमोरच?” पोरगी विचारायची.

“मग काय मागच्या गल्लीत? मी वीस वर्षं ऐकलंय.”

पोरगी मान हलवायची. आई ओट्याजवळून म्हणायची, “अहो, झोपू द्या तिला आता. साबण झिजला तरी तुमची बस काही डेपोत जात नाही.”

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी पोरीने बापाला बजावून सांगितलं, की तुम्ही त्या बसवर नको. तुम्ही खाली आहात एवढ्यानेही माझा घसा सुकेल. म्हणून त्याने रजा टाकली आणि गाडी पैलवानाच्या हाती दिली. पैलवान म्हणजे डेपोतला त्याचा जुना दोस्त, हाडकुळा माणूस, म्हणूनच हे नाव. सगळं पोरीच्या मनासारखं झालं. फक्त सकाळी साडेनऊला नाकासमोरने बायकोचा गॉगल लावला, कपाळावर टोपी ओढली आणि तिकीट काढून तो प्रवाशांच्या रांगेत उभा राहिला.

“जाताय तर जा,” बायको निघताना म्हणाली होती. “पण तोंड उघडू नका. आणि काही दुरुस्त करायला तर मुळीच जाऊ नका.”

तो जिना चढून वर गेला आणि शेवटच्या रांगेत, जिन्यालगतच्या सीटवर अंग चोरून बसला. वरचा मजला त्याला नवा नव्हता. सीटचे बोल्ट बघायला तो डेपोत कितीदा वर आला होता. पण डेपोत डोक्यावर पत्रा असतो. चालत्या बसमध्ये इथे तो आयुष्यात पहिल्यांदा बसत होता.

पोरगी समोर, प्रवाशांकडे तोंड करून उभी राहिली. निळा सदरा, केस घट्ट बांधलेले. तिने माईक तोंडाजवळ नेला. एक क्षण, दोन क्षण. मग ती म्हणाली, “नमस्कार. पुढचा दीड तास मी तुम्हाला एका शहराला दोनदा भेटवणार आहे. एक ज्यांनी बांधून घेतलं त्यांचं, आणि एक ज्यांनी बांधलं त्यांचं.” हे मास्तरांचंच वाक्य होतं, पण तिच्या तोंडी ते आत्ताच सुचल्यासारखं वाटलं. त्याचा जीव भांड्यात पडला.

बस मोठ्या पोस्टाच्या वळणावर आली. हे वळण त्याने हजारो वेळा घेतलं होतं. इथे फुटपाथ फुटलेला, मग एक गटाराचं झाकण, मग एक बुटकं निळं दार, त्याची कडी मोडलेली. ते दार पंपाच्या खोलीचं असावं असा त्याचा समज होता. त्याने सवयीने दाराकडे पाहिलं आणि मग, आता स्टिअरिंग हातात नव्हतं म्हणून, नजर थोडी वर गेली. आणखी वर गेली. जातच राहिली. त्या बुटक्या निळ्या दारावर अख्खा मनोरा उभा होता.

त्याने गॉगल काढला. पिवळसर दगड, त्यावर दगडाचीच पानं, वेली, आणि वेलींना लगडलेली फळं, इतकी भरलेली की हात लावला तर देठ तुटेल असं वाटावं. त्यावर गच्च्या, गच्च्यांवर कमानी, कमानींवर चार बाजूंना चार तबकड्या. प्रत्येक तबकडी त्याच्या स्वयंपाकघराएवढी तरी असणार. आणि त्याच्याही वर निमुळतं होत गेलेलं टोक, ज्याच्याकडे बघताना त्याची टोपी मागे सरकली. पोरगी सांगत होती, की हा दगड जहाजांतून आला, की बांधायला अकरा वर्षं लागली. हे आकडे त्याला पाठ होते. पण अकरा वर्षं म्हणजे काय ते त्याला आत्ता कळत होतं. बावीस वर्षं तो याच्या पायथ्याशी गिअर बदलत होता.

“पहिल्यांदाच आलात?” शेजारच्या टोपीवाल्या बाईंनी आलेपाकाची वडी पुढे करत विचारलं.

“हो,” तो म्हणाला.

“कुठून आलात?”

“इथलाच आहे,” तो म्हणाला. बाईंनी वडी दिली आणि जरा सरकून बसल्या.

त्यानंतर त्याला कसलीच शुद्ध राहिली नाही. जुन्या सावकारी पेढ्यांच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या होत्या, खालून त्याला फक्त त्यांच्या सावल्या माहीत होत्या. त्या सावल्यांवरून तो गाडी न्यायचा. नाटकगृहाच्या कपाळावर दगडी बाया हातात मुखवटे धरून बसल्या होत्या. ग्रंथालयाच्या घुमटाचं तांबं हिरवं पडलं होतं आणि त्यावर ऊन आलं होतं. एवढं सगळं डोक्यावर घेऊन हे शहर रोज उभं असतं, आणि खाली माणसं भाजी घेतात, भांडतात, बस पकडतात! त्याला वाटलं, चालत्या बसमधून उतरावं आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला हनुवटीला धरून वर बघायला लावावं. परीक्षेची गोष्ट तो चक्क विसरला.

ती आठवली कोर्टापाशी.

बस कोर्टाच्या फाटकाशी आली आणि पोरीने चेहऱ्यांची गोष्ट सुरू केली, अगदी शिकवली होती तशी. इमारतीच्या वरच्या पट्टीवर सिंहाची तोंडं कोरा, असा साहेबाचा हुकूम होता. पाथरवटांनी सिंह कधी पाहिलेला नव्हता. साहेब आजारी पडून मायदेशी गेला, आणि तो परत येईपर्यंत पाथरवटांनी सिंहांच्या जागी एकमेकांचे चेहरे कोरून टाकले. बेचाळीस जण होते, बेचाळीस चेहरे.

ही त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट. त्याने हौसेने कोर्टाच्या भिंतीकडे मान वर केली. भिंत गुळगुळीत होती. वरपासून खालपर्यंत नुसता दगड, ओळीने खिडक्या, आणि एक कबुतर. चेहरा एकही नाही.

त्याने पुढे पाहिलं. कोर्टाच्या पलीकडे, झाडांच्या शेंड्यांवरून, जकात कचेरीची वरची पट्टी दिसत होती. आणि तिच्यावर, लांबूनही कळत होतं, ओळीने डोकी होती.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. चूक कुठे झाली ते त्याला एका क्षणात समजलं. खाली बसलेला माणूस जी गोष्ट ऐकतो ती समोर दिसणाऱ्या दाराला चिकटवतो. मास्तर गोष्ट सांगत तेव्हा दार कोर्टाचं असायचं, म्हणून चेहरे कोर्टाचे. त्याच्या डोक्यात प्रत्येक गोष्ट एकेक इमारत मागे बसली होती. आणि तेच डोकं त्याने सात महिने पोरीला उघडून दाखवलं होतं! आता ती हिरव्या दारासमोर ‘मान वर करा’ म्हणणार, चाळीस माणसं कबुतराकडे बघणार, आणि परीक्षक बाई कागदाची घडी घालणार. पाच वर्षं.

तिला थांबवायला हवं होतं. ओरडून चालणार नव्हतं. त्याच्या हाताशी, जिन्याच्या कठड्याला, घंटेचं लाल बटण होतं. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. बस थांबली की तिचं बोलणं तुटेल, ती इकडे बघेल, आणि आपण पुढच्या इमारतीकडे बोट दाखवू, एवढा साधा हिशेब करून त्याने बटण दाबलं.

घंटा वाजली की ड्रायव्हरने आधी ब्रेक मारायचा आणि प्रश्न मागून विचारायचे, हे पैलवानाला त्यानेच शिकवलं होतं. बस जागच्या जागी थांबली. पण बोलणं असं बटणाने थांबत नाही. पोरगी तोंडातलं वाक्य पुरं करत होती, “आणि आता सगळ्यांनी मान वर करा.”

चाळीस माना वर झाल्या. समोर गुळगुळीत भिंत. कबुतर उडून गेलं.

आणि तेव्हा त्याला दुसरी गोष्ट समजली, जी पहिलीपेक्षा वाईट होती. बस चालत राहिली असती, तर ते वाक्य संपता संपता ती बरोबर जकात कचेरीसमोर आली असती. मास्तर तसंच करायचे. इमारत यायच्या आधी गोष्ट सुरू करायची, म्हणजे गोष्ट संपते तिथे इमारत समोर येते. पोरीला हे माहीत होतं. तिने वेळ मोजून ठेवली होती. तिच्या बोलण्यात चूक नव्हतीच, चूक आत्ता त्याने बोटाने केली होती.

पोरीने दोनदा घंटा दिली, पण तोवर पुढच्या चौकात लाल दिवा लागला आणि समोर गाड्यांची रांग उभी राहिली. हा दिवा त्याच्या चांगला ओळखीचा होता. एकशे चाळीस सेकंद. शहरातला सगळ्यात लांब दिवा.

“कुठे आहेत हो चेहरे?” कोणीतरी विचारलं. कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली घेतला. परीक्षक बाईंनी काहीतरी लिहिलं.

पोरीने घंटा कुणी वाजवली ते शोधत मागे पाहिलं. जिन्याजवळचं बटण, बटणावरचा हात, हातामागचा बाप. गॉगल मघाशीच निघाला होता. त्याने नजर खाली घातली. ‘मेलो,’ त्याच्या मनात आलं, ‘हिलाही घेऊन मेलो.’ तिचा माईक हनुवटीशी होता आणि तोंड बंद होतं. दहा सेकंद गेले. पंधरा.

“मान वर करा म्हणाले खरी,” पोरगी म्हणाली, “पण इथे त्याआधी खाली बघायचं असतं. कठड्यापाशी या. सावकाश, सगळे एकदम नको.”

माणसं उठून कठड्यापाशी आली आणि खाली वाकली.

“कोर्टाच्या पायऱ्या मोजा. सात आहेत. एकाच खाणीतला दगड, एकाच दिवशी बसवलेला. आता खालून तिसरी बघा. मधोमध कशी खोलगट झालीये, ताटासारखी. बाकी सहा तशा नाहीत. चालून झिजल्या असत्या तर सगळ्या सारख्या झिजल्या असत्या.”

खाली तिसऱ्या पायरीवर एक म्हातारा आणि म्हातारी बसले होते. दोघांच्या मध्ये एक फाईल, आणि फाईल वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर म्हाताऱ्याची चप्पल.

“ही बसून झिजलीये,” पोरगी हळू आवाजात म्हणाली. “निकालाची वाट बघणारी माणसं इथे बसतात. पहिल्या दोन पायऱ्यांवर रस्त्याची धूळ येते. चौथीपासून वर पहारेकरी बसू देत नाही. तेव्हाही देत नव्हता. म्हणून तिसरी. राज्य बदललं, झेंडा बदलला, कायद्याची पुस्तकं बदलली, माणसं त्याच पायरीवर बसतायत. ही भिंत त्यांनी बांधून घेतली. पायरीचा खड्डा मात्र आपला आहे. तो कुणी कोरलेला नाही.”

टोपीवाल्या बाईंनी वडी तोंडात नेता नेता हात थांबवला. चाळीस माणसं खाली बघत होती आणि म्हातारीने सहज वर पाहिलं, एवढे लोक आपल्याकडे का बघतायत ते तिला कळेना. तिने पदर सारखा केला. वरच्या दोघाचौघांनी, का कोण जाणे, तिला हात जोडले.

नाकासमोर मात्र हादरून गेला होता. हे गाईडच्या पुस्तिकेत नव्हतं. मास्तरांनी हे कधी सांगितलं नव्हतं, ते कधी कठड्यावरून खाली वाकलेच नव्हते. हे त्याने स्वतः सांगितलं होतं, कधीतरी हात धुताना, शिकवणी संपल्यावर. त्या दिव्याला अडकलं की मी काय बघत बसतो माहितीये का, असं म्हणून. पहारेकऱ्याचं, धुळीचं, सगळं. ते बोलणं सांगून विसरून जायचं बोलणं होतं.

दिवा हिरवा झाला. दोन घंटा. बस हलली, आणि झाडांचे शेंडे बाजूला झाले.

पोरगी आता काहीच बोलली नाही. गोष्ट सांगून झाली होती. बेचाळीस चेहरे एकामागून एक बसच्या बाजूने सरकत गेले, उघड्या मजल्यावरून इतके जवळ की डोळ्यांच्या कडांच्या सुरकुत्याही दिसाव्यात. एकाचा गाल दाढदुखीने सुजलेला होता. एक जांभई देत होता. एक शेजारच्याकडे बघून हसत होता, आणि शेजारचा रागावलेला होता. एक फारच तरुण होता आणि बहुतेक घाबरलेला. शेवटच्या चेहऱ्याला नाक नव्हतं, ते काळाने नेलं होतं, तरी तो बघत होता. नाकासमोरचे डोळे वाहू लागले आणि त्याने ते पुसले नाहीत.

फेरी संपली. प्रवासी उतरताना पोरीचे आभार मानत गेले. वर राहिल्या परीक्षक बाई, पोरगी, आणि जिन्याजवळच्या सीटवरचा माणूस.

“घंटा कोणी वाजवली होती?” बाईंनी विचारलं.

पोरगी काही बोलायच्या आत तो उठून उभा राहिला. “मी. तिची चूक नाही. मी याच डेपोचा ड्रायव्हर आहे. तिचा बाप. मला वाटलं तिला चुकीचं शिकवलंय, म्हणून थांबवायला गेलो. कापायचे असतील ते गुण… म्हणजे माझ्यावर तक्रार करा.”

बाईंनी त्याला टोपीपासून चपलेपर्यंत पाहिलं. मग कागदाकडे पाहिलं. “घंटेवर ताबा नाही, त्याचे पाच गुण जाणार. पुस्तिकेबाहेरचं बोलली, त्याचेही जाणार. नियम आहे.” त्या पोरीकडे वळल्या. “ते पायरीचं कुठून घेतलं?”

“घंटा वाजवली त्यांच्याकडून,” पोरगी म्हणाली.

बाई पुन्हा त्याच्याकडे वळल्या. “मी या शहरात तीस वर्षं गाईड तपासतेय. मला ही पायरी कोणी दाखवली नाही. तुम्हाला कशी दिसली?”

“मला तेवढंच दिसायचं, बाई,” तो म्हणाला. “बावीस वर्षं.”

बाईंनी मान खाली घालून बराच वेळ बेरीज केली. मग सही केली, शिक्का मारला आणि कागद पोरीच्या हातात दिला. उत्तीर्ण. त्या जिना उतरून गेल्या तेव्हा खाली पैलवान कोणाला तरी सांगत होता, की घंटा वाजली म्हणून मी थांबलो, माझा काय दोष.

बापलेक समोरासमोर उभे राहिले. ती रागावेल असं त्याला वाटलं, आणि तो तिचा हक्कच होता.

“मी एकेक इमारत मागे शिकवत होतो, ते तुला कधी कळलं?” त्याने विचारलं.

“पहिल्याच आठवड्यात. पायी चालून आले ना सगळं. मग वहीत उतरवलं, मग पुन्हा चालून आले.”

“आणि सात महिने गप्प बसलीस? रोज रात्री बसून माझं चुकीचं ऐकत होतीस?”

“दुरुस्त केलं असतं, तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून टेबल मांडलं नसतं,” ती म्हणाली. “तुम्ही काय सांगता ते मला ऐकायचं होतं, बाबा. पहिल्या परीक्षेनंतर मला दुसरं काहीच ऐकायची इच्छा नव्हती.”

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग डेपोत हे बरं दिसत नाही म्हणून काढून घेतला.

दोनच्या फेरीला, तिच्या पहिल्या खऱ्या फेरीला, तिने त्याला पुढच्या रांगेत बसवलं. “इथून बटण लांब आहे,” ती म्हणाली. मनोरा आला, गॅलऱ्या आल्या, घुमट आला. कोर्टाच्या फाटकाशी तिने चेहऱ्यांची गोष्ट सुरू केली. दिवा हिरवा होता, बस सावकाश चालत राहिली, आणि जकात कचेरी समोर आली त्याच क्षणी ती म्हणाली, आता मान वर करा. बसमधल्या सगळ्या माना वर झाल्या. त्याने केली नाही. तो तिच्याकडे बघत राहिला.